कुलपाबाहेरची ओळ

माझे धाकटे दीर हल्ली एका जागी बसत नाहीत. चहाचा कप घेऊन खिडकीशी जातात, तिथून दाराशी, दारातून परत स्वयंपाकघरात, आणि मग कप कुठे ठेवला ते मला विचारतात. मी म्हणते, "भाऊजी, तुमच्याच हातात आहे." तेव्हा ते कपाकडे असे बघतात, जणू कोणी गुपचूप तो त्यांच्या हातात देऊन गेलंय. पूर्वी ते असे नव्हते. खुर्चीला इतका चिकटलेला माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

बॅटऱ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ते आवक-जावक सांभाळायचे. बाहेरून आलेलं पत्र कोणत्या टेबलावर जायचं आणि आतलं पत्र कोणत्या पत्त्यावर, एवढंच काम. त्यातच त्यांचं तारुण्य गेलं. लग्न केलं नाही. माझ्या मागच्या खोलीत राहतात आणि जेवायला पुढच्या घरात येतात. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना टपालकाका म्हणत. पत्रांच्या जागी ईमेल आल्या, शिक्के गेले, गोंदाची बाटली गेली, पण यांचा कडकपणा गेला नाही. वर 'विषय' लिहिलेला नसेल तर साहेबांचं पत्रसुद्धा परत पाठवायचे. "विषय नसलेलं पत्र म्हणजे कपाळ नसलेला चेहरा," असं त्यांचं म्हणणं. घरात माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली तरी वर रेघ मारून लिहिलेलं असे, 'विषय : दूध संपल्याबाबत'. मी हसायचे. लेक तर त्यांना चिडवायची, "काका, शिंक आली तरी आधी विषय लिहाल."

कारखान्यात शिसं वितळवतात. भट्टीवरच्या माणसांचं रक्त दर महिन्याला तपासलं जातं आणि निकाल फलकावर लागतो. फलकावर कायम एकच वाक्य असे, सर्वांचे प्रमाण ठीक. खरे आकडे मात्र प्रयोगशाळेतून बंद पाकिटात मुख्य कचेरीला जात, आणि ते पाकीट भाऊजींच्या हातून जाई. भट्टीवरच्या माणसांचे हात कसे थरथरतात ते त्यांना दिसायचं. टपालाच्या खिडकीशी सही करायला आलेला माणूस पेन दोन्ही हातांनी धरायचा. भाऊजी जेवताना सांगायचे आणि मग पान अर्धं टाकून उठायचे.

प्रयोगशाळेत एक मुलगी होती. मुलगी म्हणजे आता तीही एका लेकीची आई, नवरा नाही, घरात मिळवणारी ती एकटी. तिचं नाव भाऊजींनी घरात कधी घेतलं नाही, म्हणून मलाही ठाऊक नाही. एका दुपारी ती नेहमीचं बंद पाकीट घेऊन त्यांच्या खिडकीशी आली आणि पाकिटाखालून घडी केलेला एक कागद सरकवला.

"टपालकाका," ती म्हणाली, "हा कुठल्या पत्त्यावर जायला हवा ते मला माहीत नाही. तुम्हाला सगळे पत्ते माहीत असतात."

कागदावर खरे आकडे होते. फलकावरचं वाक्य वाचून तिने उरलेल्या नमुन्यांची स्वतःहून पुन्हा तपासणी केली होती. तेच आकडे त्या दिवशीच्या बंद पाकिटातही होते, पण ते मुख्य कचेरीत जाऊन बसणार हे तिला ठाऊक होतं.

असा कागद कोणाला पाठवायचा, हे भाऊजींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या लेकीला विचारलं. ती कॉम्प्युटरच्या कामात आहे, दुसऱ्या शहरात राहते, सुट्टीला येते. तिची एक मैत्रीण कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे आणि याच आजाराचे पुरावे ती गोळा करत होती, सरकारी तपासनिसांपुढे ठेवायला. डॉक्टरबाईंनी कळवलं, पाठवा, पण उघडं पाठवू नका. लेक सुट्टीला आली तशी काकांची शिकवणी घेऊ लागली. माझ्या जेवणाच्या टेबलावर.

"असं समजा काका, डॉक्टरने आपली कुलपं सगळ्या जगाला वाटलीत. किल्ली मात्र तिच्या एकटीकडे. तुम्ही तिचं कुलूप लावायचं. लावल्यावर तुम्हालाही उघडता येणार नाही."

"मलाही नाही?"

"तुम्हालाही नाही."

भाऊजी खूश झाले. बंद पाकिटाला त्यांनी कधी उजेडासमोरही धरलं नव्हतं. स्वतःलाही फोडता येणार नाही असं पाकीट ही कल्पना त्यांना फारच आवडली. कागदाचा फोटो काढला, त्याला कुलूप लागलं, ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली. लेक बॅग उचलता उचलता म्हणाली, "आता फक्त पाठवून द्या," आणि गाडी पकडायला पळाली. कुठून पाठवा, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं तिला वाटलंच नाही.

भाऊजींनी ते कारखान्यातून पाठवलं. आपल्या टेबलावरून, कारखान्याच्या ईमेलने, भर कामाच्या वेळेत.

पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, ऑफिसचा कागद मागच्या दाराने बाहेर काढला तर ती चोरी. जावकवरून गेला तर ते टपाल. कुलूप तर लावलं होतं ना."

हे सगळं उघड झालं एका शनिवारी दुपारी. मेल कारखान्याच्या पत्त्यावरून आल्याचं डॉक्टरबाईंकडून कळलं, तशी लेक न कळवता आली. चपला न काढता सरळ आत, आणि काका पेपर वाचत बसले होते त्यांच्यासमोर उभी.

"काका, डॉक्टरला मेल केलीत त्यात विषयाच्या जागी काय लिहिलंत?"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला, चष्मा नीट केला आणि अभिमानाने म्हणून दाखवलं, "प्रयोगशाळेतील रक्ताच्या दुसऱ्या तपासणीचे मूळ आकडे पाठवण्याबाबत."

लेक मटकन खाली बसली.

"का गं? 'बाबत'च्या ठिकाणी 'संबंधी' हवं होतं?"

"काका, विषयाला कुलूप लागत नाही."

"म्हणजे?"

"कुलूप आतल्या मजकुराला. कोणी पाठवलं, कोणाला, कधी, केवढं आणि विषय काय, हे सगळं पाकिटावर असतं. पाकीट वाटेतल्या प्रत्येकाला दिसतं. नाहीतर ते पोचणार कसं? आता तुम्हाला मी पाकीट शिकवू?"

भाऊजी उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. लेकीला माहीत नसलेली एक गोष्ट त्यांना माहीत होती. बाहेर गेलेल्या ईमेलची यादी कारखान्यातला कॉम्प्युटरवाला दर सोमवारी साहेबांपुढे ठेवतो. ती यादी जावकची, म्हणून आधी भाऊजींच्याच टेबलावरून जाते.

"त्यात विषयाचा रकाना आहे," ते म्हणाले. "मी दर आठवड्याला बघतो तो रकाना. कोणाचा कोरा राहिला तर मीच ओरडतो. मला वाटलं, कुलूप लावलं की त्या रकान्यात चांदण्या येतील, बँकेच्या पासवर्डला येतात तशा."

"यादी तुमच्या टेबलावरून जाते तर ती एक ओळ..." मी म्हटलं.

"खोडू? वहिनी, मूळ यादी मशिनीत असते. माझ्याकडे येते ती नक्कल."

 आपलं काय होईल याचा भाऊजींना घोर नव्हता. त्यांची नोकरी महिनाअखेर संपतच होती. पण 'दुसऱ्या तपासणीचे मूळ आकडे' अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाकडे होते. साहेब ती ओळ वाचणार आणि उठून सरळ प्रयोगशाळेत जाणार. तिची नोकरी जाणार, वर नोकरीच्या करारातला गुप्ततेचा कागद काढून तिच्यावर खटला भरतील. दुसरीकडे कुठे प्रयोगशाळेत उभं करणार नाहीत.

"आणि ती कबूल करेल," भाऊजी म्हणाले. "विचारलं की सांगून मोकळी होईल. तसलीच आहे." असं म्हणत त्यांनी फोन हातात घेतला. "तिला सावध करतो."

"थांबा!" लेक ओरडलीच. "कशावरून करताय?"

"ऑफिसच्या अ‍ॅपवरून. बाहेरचा नंबर नाही माझ्याकडे. त्यालाही कुलूप असतं, तूच म्हणालीस."

"मजकुराला असतं! अ‍ॅप कारखान्याचं आहे. कोणी कोणाला कधी मेसेज केला ते त्यांच्याकडे राहतं. आजवर तिला कधी मेसेज केलाय?"

"कधीच नाही."

"मग बघा. सोमवारी तुमची मेल सापडते. आणि त्याआधी, शनिवारी, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा लॅबमधल्या बाईला मेसेज केलेला असतो. तुम्ही काय लिहिलंत ते वाचायची त्यांना गरज तरी आहे का?"

भाऊजींनी फोन टेबलावर ठेवला, पालथा. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. मग मी तो उचलून फ्रिजवर ठेवला, तर हे फ्रिजभोवती घुटमळायला लागले.  त्या मुलीच्या घरी जावं, तर ती कारखान्याच्या वसाहतीत राहते, आणि तिथला पहारेकरी आल्यागेल्याचं नाव लिहून घेतो. सोमवारी प्रयोगशाळेत जावं, तर दाराला कार्ड लावावं लागतं आणि ते दारही लिहून घेतं. ज्या वाटेने जावं तिथे कोणीतरी नोंद करायला बसलेलं. तिला वाचवायला तिच्याकडे जायचं, आणि गेलं की तीच उघडी पडणार.

"पत्रच टाकतो," भाऊजी एकदा म्हणाले.

"मंगळवारी पोचेल," लेक म्हणाली.

"हो. मंगळवारी पोचेल." पोचायच्या वेळा त्यांना कोण शिकवणार?

स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. पायातल्या सपाता फटफट वाजत होत्या. लेक वैतागून म्हणाली, "काका, बसा ना! माझं डोकं फिरतंय." ते बसले नाहीत. दारापाशी थांबले आणि तिथूनच म्हणाले,

"सगळ्यांनाच लिहिलं तर?"

"कोणाला सगळ्यांना?"

"कारखान्यात जितकी माणसं आहेत तितक्यांना. महिनाअखेर मी निवृत्त होतोय. जाणारा माणूस सगळ्यांना लिहितोच. त्यात तिला एक. गर्दीत कोण बघतंय?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. "काका, हे डोकं मेल पाठवताना कुठे ठेवलं होतंत?"

"पण एकच मजकूर सगळ्यांना चालणार नाही," भाऊजी म्हणाले. "तिचा वेगळा हवा. म्हणजे मग सगळ्यांचे वेगळे हवेत."

काय लिहायचं हेही त्यांचं त्यांनीच ठरवलं. माफी मागायची. प्रत्येकाची, एकेका बारीक गोष्टीसाठी. निरोप घेताना माणूस हळवा होतो, कोणाला नवल वाटणार नाही. आणि तिला लिहायचं की तुमच्या प्रयोगशाळेचं बंद पाकीट मी टपालात फोडलं, आतले आकडे पाहिले, चूक झाली, माफ करा. तिला नेमकं कळेल की सोमवारी काय उत्तर ठरलंय. आणि उद्या कोणी तिचा फोन हिसकावून वाचलाच, तर तेच उत्तर पक्कं होईल.

"भाऊजी," मी म्हटलं, "पाकीट फोडलं म्हणणार तुम्ही?"

"दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

मी फ्रिजवरचा फोन काढून त्यांच्या हातात दिला.

मग आमची तिघांची माफ्यांची गिरणी सुरू झाली. गंभीर गोष्ट होती, पण हसू आवरेना. "भांडारवाल्याला काय?" "त्याच्या काट्यात खोट आहे असं मी सगळ्यांना सांगितलं." "खोट होती?" "होतीच, पण माफी मागायला काय जातं?" पहारेकऱ्याला, तुमच्या छत्र्या मी नेत होतो. रोखपालाला, तुमच्या सहीला मी कोंबडीचे पाय म्हणायचो. उपाहारगृहातल्या बाईला, चहा चांगला आहे असं इतकी वर्षं खोटं बोललो. "हे नका लिहू, ती उद्यापासून चहा बंद करेल," लेक म्हणाली. "उद्यापासून मला कुठे प्यायचाय?" भाऊजी म्हणाले, आणि पुढचं नाव काढलं. प्रयोगशाळेतला मेसेज त्यांनी मधेच कुठेतरी घातला, एका फिटरच्या आणि एका ड्रायव्हरच्या मधे. विषय लिहायची जागाच नव्हती. तरी त्यांचं बोट क्षणभर वरच थांबलं.

रविवारभर फोन वाजत राहिला. कोणी हसण्याची चित्रं पाठवली, कोणी उलट माफी मागितली. रोखपालाने लिहिलं, 'कोंबडी तुम्हाला माफ करते.' तिच्याकडून काहीच आलं नाही. वाचला एवढंच दिसत होतं. ती खूण बघायला भाऊजी घटकेघटकेला फोन उघडत होते, आणि लेक ओरडत होती, "नका उघडू काका, त्याचीही नोंद राहते!" खरंच राहते की नाही कोण जाणे. पण एव्हाना आम्हाला भिंतींचाही भरवसा वाटेनासा झाला होता.

सोमवारचं मी पाहिलेलं नाही. त्यांनी संध्याकाळी उभ्याउभ्याच सांगितलं, ते लिहिते.

दुपारी बोलावणं आलं. साहेबांपुढे यादी होती, शेजारी कॉम्प्युटरवाला.

"टपालकाका, आतलं आम्हाला उघडता येत नाही," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "पण कुलूप लावून वर पाटी टांगायची काय गरज होती?"

"सवय," भाऊजी म्हणाले.

साहेबांनी विचारलं, आकडे कुठून आले?

"पाकीट फोडलं."

"तुम्ही?" साहेब म्हणे हसले. "मी आलो तेव्हापासून ऐकतोय, तुम्ही पाकीट खाली पडलं तरी पालथं उचलता. कोणाला वाचवताय?"

"निवृत्त व्हायला आलो, साहेब. एकदा बघावंसं वाटलं."

साहेबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी शनिवारचे मेसेज काढायला सांगितले. कॉम्प्युटरवाल्याने पडद्यावर काढले आणि खाली खाली सरकवत राहिला. अख्खा कारखाना होता. "साहेब, यांनी भंगारवाल्यालापण सोडलेलं नाही," तो म्हणाला. तरीही साहेबांनी प्रयोगशाळेतून तिला बोलावलंच. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तेव्हा मी दाराकडे पाठ केली. म्हटलं, आता ही सांगणार."

ती आत आली. साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच तिने फोन टेबलावर आपटला.

"मी स्वतःच येणार होते साहेब. हे वाचा. आम्ही पाकिटाला लाख लावतो ती काय शोभेला?" आणि मग भाऊजींकडे वळून, "लाज नाही वाटली? तुमच्या वयाकडे बघून लोक डोळे झाकून पाकिटं देतात तुमच्याकडे. माझी नोकरी गेली असती म्हणजे? माफी कसली मागता? तोंड दाखवू नका मला."

हे सांगताना भाऊजी खुर्चीमागे उभे होते, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. "काय बोलली हो! एकदाही अडखळली नाही. माझी मान खरोखरच खाली गेली. आणि आतून म्हणत होतो, बोल, अजून बोल."

साहेबांनी मग तिला काही विचारलं नाही. भाऊजींना त्याच दिवशी घरी पाठवलं. निरोपाचा कार्यक्रम रद्द झाला. टपालकाकाने पाकीट फोडलं, ही बातमी संध्याकाळच्या पाळीच्या आत सगळीकडे पोचली. ज्याने आदल्या दिवशी कोंबडीची थट्टा केली होती त्या रोखपालाने फोन केला. थंड आवाजात विचारलं, "माझ्या मुलीच्या स्थळाचं पत्र तुमच्या हातून आलं होतं. तेही वाचलंत का?" भाऊजी 'नाही' म्हणाले. पलीकडून नुसतं "बरं" आलं. अशी आणखी काही माणसं होती. काहींनी विचारलं, काहींनी विचारलंही नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्याचं एक अक्षर न वाचलेल्या माणसाकडे आता प्रत्येकजण आपलं जुनं पत्र आठवून बघत होता.

डॉक्टरबाईंचे कागद तपासनिसांकडे पोचले. भट्टीवरच्या माणसांना गाडीत बसवून बाहेरच्या दवाखान्यात रक्त द्यायला नेलं, इतकं कळलं. पुढची चौकशी चालू आहे. डॉक्टरबाईंनी लेकीकरवी निरोप पाठवलाय, ती संपेपर्यंत काकांनी तिकडे फोन, मेसेज, भेट, काही करू नये. कोणाकरवीही नाही. ती मुलगी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे की नाही, हे विचारायचं तरी कोणाला? विचारलं तर विचारल्याचीही खूण उरणार. म्हणून हे असे घरभर फिरतात.

परवा त्यांना म्हटलं, चला, बाजारात जाऊ, चार पावलं घराबाहेर तरी पडतील. चपलांच्या दुकानापाशी समोरून एक बाई आली. साधीच, खांद्याला डबा आणि कागदांची पिशवी, हाताला शाळेच्या गणवेशातली पोर. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, काढायचं राहून गेलेलं. पोर काहीतरी हट्ट करत होती आणि ती न चिडता ऐकत होती. आम्हाला बघून तिची चाल अगदी एवढीशी मंदावली. भाऊजी वळले आणि दुकानाच्या काचेत मांडलेल्या बायकांच्या चपला मन लावून बघायला लागले. ती आमच्या इतक्या जवळून गेली की पोरीच्या दप्तराचा धक्का माझ्या हाताला लागला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

ती कोपऱ्यावरून वळली तशी मी हळूच विचारलं, "भाऊजी, हीच का?"

"कोण?" ते म्हणाले. काचेवरून नजर न हलवता. "मी नाही पाहिलं कोणाला. चला वहिनी, इथे उभं राहू नका."

आणि इतके भराभर चालायला लागले की मला त्यांना गाठता येईना.